चिखलातला ठसा आणि माझी सही

“पाय घसरून पडली.”

त्या सकाळी विहिरीवर जमलेल्या निदान पन्नास माणसांच्या तोंडून मी हे ऐकलं. कुणी हळहळत म्हणत होतं, कुणी तंबाखू मळत म्हणत होतं, पण शब्द तेच. दवंडी देऊन गावाला पढवून ठेवल्यासारखे. इतकी वर्षं झाली, तरी साध्या बोलण्यात कुणी ‘पाय घसरला’ म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

बाहत्तरचा दुष्काळ होता. काष्टीपासून सायकलीवर तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका गावात मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. गावाचं नाव लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत आणि त्यांच्या नातवंडांनी कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. विहिरीत मेली ती गावातली कपडे शिवणारी बाई. जातीनं शिंपी नव्हती, पण मशीन चालवायची म्हणून सगळे तिला शिंपीणबाई म्हणत. वय असेल अठ्ठावीस-तीस. नवऱ्यानं टाकलेली. आई आणि ती, दोघीच राहायच्या. आई पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहायला जायची आणि ही रस्त्याकडच्या ओट्यावर मशीन मांडून बसायची.

माझी तिची ओळख शाळेच्या गॅदरिंगमुळे. नाटकातल्या मावळ्यांचे अंगरखे मी कागदावर काढून नेले होते, मोठ्या ऐटीत, रंग भरून. तिनं तो कागद बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “मास्तर, चित्र झ्याक हाय. पर ह्या खांद्याचं पोरगं तुमच्या शाळंत एक बी न्हाई.” मग तिनं पोरांना ओळीनं उभं केलं, दोरीनं मापं घेतली, दोरीला गाठी मारल्या आणि एकही आकडा न लिहिता बारा अंगरखे बरोबर मापाचे शिवून दिले. मला त्या दिवशी थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर मी वर्गात माणसं काढायला शिकवताना आधी समोरचं माणूस बघा म्हणायला लागलो, ते तिच्यामुळे.

गावात सोसायटीचा चेअरमन होता, त्याचा एक धाकटा भाऊ होता. काम असं काही करत नसे. पुण्याहून आणलेले बूट घालून फिरायचा. गाव टायरच्या चपला घालणारं किंवा अनवाणी, त्यामुळे तो आला की बघायच्या आधी त्याचे बूट ऐकू यायचे, कारण टाचांना त्यानं लोखंडी नाल मारून घेतले होते. हा तिच्या ओट्यावर येऊन बसायचा. ऊठ म्हटलं तर उठायचा नाही. शेवटी ती आईला घेऊन पोलीस पाटलाकडे गेली. पाटलानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मशीन आत घरात घे की. रस्त्याला बसतीस म्हनून लोक बघत्यात.” त्यानंतर आठच दिवसांत ती विहिरीत सापडली. पाटील त्या सकाळी विहिरीवर सगळ्यांच्या पुढे होता आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणत होता, पाय घसरला.

विहीर गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याची. दुष्काळामुळे विहिरीत दिवसभरात जेवढं पाणी साचे, तेवढं तो मावळतीला इंजिन लावून अर्धा तास उपसायचा. मग इंजिन बंद करून जायचा आणि तळाशी गुडघाभर पाणी राहायचं, ते बाया पोहऱ्यानं काढून न्यायच्या. इंजिनाच्या पाइपाचा जोड गळका होता. त्यामुळे विहिरीच्या एका अंगाला रोज संध्याकाळी चिखल व्हायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वाळून भेगाळायचा. हे सगळं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला दाखवलं ते जमादारानं.

जमादार तालुक्याच्या ठाण्यावरून सायकलीवर आला, बरोबर एक शिपाई. म्हातारा होता, निवृत्तीला वर्ष उरलेलं. त्यानं पहिलं काय केलं असेल, तर बांधावर बसून स्वतःच्या पायातले सरकारी बूट काढले. कुणीतरी हसलं. तो म्हणाला, “हसू नका. माझे बूट चिखलात उमटले तर पुढं मलाच धरून न्याल.” मग त्यानं लोकांना मागं रेटलं. लोक कसले हटतात. जत्रेत डोंबाऱ्याचा खेळ बघावा तसे पुढं पुढं करत होते. निम्म्या चिखलाचा तोवर पार काला झाला होता. जमादारानं मेलेल्या बाईच्या आईशेजारी पडलेली घमेली उचलली, कामावरच्या बाया ती घेऊनच धावत आल्या होत्या. चिखलात जिथं जिथं उमटलेलं शाबूत होतं, तिथं एकेक घमेलं हळूच पालथं घातलं. तीन घमेली. मग त्यानं विचारलं, “हितं शिकलेलं कोन हाय?”

लोकांनी मला पुढं ढकललं. किराणा दुकानदारालाही पुढं केलं. आम्ही दोघं पंच झालो.

जमादारानं मला एकेक घमेलं उचलून दाखवलं. पहिल्याखाली बुटाचा अख्खा उजवा ठसा, टाचेला नालाचा आकार, नालाचं एक टोक तुटलेलं. दुसऱ्याखाली डाव्या बुटाचा नुसता पुढचा भाग, खोल रुतलेला. तिसऱ्याखाली अनवाणी पायांच्या टाचांचे दोन ओरखडे, लांबट, विहिरीच्या कडेपर्यंत गेलेले.

“टाचा कुनीकडं हायेत बघा,” तो हळू आवाजात म्हणाला.

टाचा विहिरीकडे होत्या.

“पानी काढणारं मानूस घसरलं तर तोंड हिरीकडं पायजे का पाठ?”

मी मागं वळून बघितलं. तिची कळशी दहा हातांवर होती, काठोकाठ भरलेली, आणि पोहऱ्याचा दोर नीट गुंडाळून कळशीच्या गळ्यात घातलेला. पाणी काढून झालं होतं. घरी निघालेली बाई पाठमोरी विहिरीपर्यंत गेली कशी, हे त्या पन्नास माणसांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

विहीरवाल्यानं तिथंच सांगितलं की इंजिन त्यानं काल मावळतीला लावलं होतं आणि बंद केल्यावर तो स्वतः चिखलावर पाय न देता पलीकडून घरी गेला. म्हणजे हे ठसे त्यानंतरचे. चेअरमनचा भाऊ गर्दीत नव्हता. तो दोन दिवसांपासून गावातच नाही, असं चेअरमनच्या गड्यानं न विचारता सांगितलं.

जमादारानं मला विचारलं, “मास्तर, शाळंत ते पांढरं पीठ असतं न्हाई का, मूर्ती करायचं? नाशकाला ट्रेनिंगला हुतो तवा त्याचा ठसा कसा घ्यायचा ते एकदा दावलं हुतं. त्याला लई वर्षं झाली. ठाण्यात कदी पीठच आलं न्हाई.”

मी सायकल मारत शाळेत गेलो. हेडमास्तर म्हणाले, शाळेचं सामान असं बाहेर देता येत नाही, आणि तुम्हीही असल्या भानगडीत पडू नका. मी त्यांच्या समोरून प्लॅस्टरचं अर्धं पोतं कॅरिअरला बांधून नेलं. कोळशाच्या चित्रावर फुंकायचा लाखेचा फवाराही घेतला.

ते काम मी आयुष्यात केलेल्या कामांतलं सगळ्यात चांगलं काम होतं, असं मला आजही वाटतं. ठशाच्या कडेची सुटी माती उडू नये म्हणून आधी लांबून लाखेचा फवारा मारला. पत्र्याच्या पट्ट्या वाकवून ठशाभोवती कुंपण केलं. पाण्यात प्लॅस्टर चाळून, गुठळी न होऊ देता कालवलं आणि एकदम न ओतता चमच्यावरून हळूहळू सोडलं, कारण धार पडली असती तर नालाची तुटकी कडच मोडली असती. मध्ये तुराटीच्या काड्या घातल्या, ठसा उचलताना दुभंगू नये म्हणून. प्लॅस्टर आवळायला लागलं तसं हाताला गरम लागू लागलं. वरचा थर ओला असतानाच जमादारानं खिळ्यानं त्यावर तारीख कोरली, मी आणि दुकानदारानं सह्या कोरल्या. प्लॅस्टर ओतायच्या आधीच मी कागदावर दोन्ही ठसे आणि टाचांचे ओरखडे मूळ मापाचे उतरवले, फूटपट्टी ठेवून, काळ्या शाईत. त्यावरही जमादारानं सही केली. कळशी कुठं, दोर कुठं, सगळं काढलं. बूट उचलल्यासारखा तो ठसा मातीतून उचलला, तेव्हा नालाचे खिळेसुद्धा मोजता येत होते. सात भोकं, सहा खिळे, आणि बाहेरच्या बाजूचं टोक नाही.

आई एका बाजूला बसून होती. रडत नव्हती. तिनं विचारलं, “ह्यात दिसंल का कुनी ढकललं?”

मी म्हणालो, “मावशी, सगळं दिसतंय.”

हे बोललो ते मला आजही पचत नाही.

फौजदार दुपारी जीपमधून आला. विहिरीवर यायच्या आधी चेअरमनच्या घरी जेवला. हे मी ऐकीव सांगत नाही, आम्ही उन्हात प्रेतापाशी थांबलो होतो आणि जीप चेअरमनच्या दारात उभी होती. आला तो सुपारी चघळत. कागदावर वाळत ठेवलेले माझे ठसे त्यानं पाहिले. “काय मास्तर, यंदा गणपती लवकर बसवले?” लोक हसले. तीच माणसं, जी दोन तास अगाई गं अगाई गं करत होती.

जमादारानं त्याला टाचा दाखवल्या. नाल दाखवला. फौजदार म्हणाला, “बरं बरं.” मग जमादाराला त्यानं प्रेत तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायला पाठवून दिलं. आता कळतं, तो त्याला दूर करत होता. तेव्हा मला वाटलं, जबाबदार माणसाच्या हाती काम दिलं.

पंचनामा चावडीत लिहिला. फौजदार सांगत होता, रायटर लिहीत होता. बारीक, गिचमिड अक्षर, चार पानं. दिवस कलला होता. माझे हात प्लॅस्टरनं फुटले होते, सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. रायटरनं कागद माझ्यापुढे सरकवला. मी पहिलं पान वाचायला घेतलं. चतुःसीमा, सूर्याची दिशा, विहिरीची खोली. फौजदार म्हणाला, “काय मास्तर, विश्वास नाही का आमच्यावर?”

“तसं नाही साहेब.”

“मग? तुमच्यासारखा शिकलेला पंच मिळाला म्हणून तर बरं. नाहीतर ह्या गावात अंगठेच घ्यायचे.”

“ठशाचं लिहिलंय ना?”

“त्याचा वेगळा कागद करायचाय. सही करा, मला नगर गाठायचंय.”

दुकानदारानं आधीच सही केली होती. मी केली. चारही पानांवर, माझ्या वळणदार अक्षरात.

पंधरा दिवसांत जमादाराची बदली अकोले तालुक्यात झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं लिहिलं की मरण डोक्याच्या मारानं आलं, तो मार खडकावर पडूनही लागू शकतो. ते चूक नव्हतंच. ढकललेली असो की पडलेली, खडक तोच. म्हणून तर चिखल महत्त्वाचा होता. पण ठाण्यात प्रकरण अपघाती मृत्यू म्हणून पडून राहिलं. चेअरमनचा भाऊ आठवड्यानं गावात परत आला. पायात चपला.

महिन्याभरानं मी ठाण्यावर गेलो. ठसे पुण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवले का, हे विचारायला. ठाण्यात रायटर एकटाच होता. तो म्हणाला, “बसा. पाणी प्या.” मी माठाकडे गेलो. माठाच्या तिवईचा एक पाय मोडका होता आणि त्या पायाखाली, ओलानं काळपट झालेला, माझा उजवा ठसा होता.

मी तो उचलला तर माठ कलंडला आणि फुटला. ठाणंभर पाणी झालं. ठशाच्या टाचेचा भाग ओल धरून भुगा झाला होता, नालाची तुटकी कड बोट लावलं की गळत होती. माझी कोरलेली सही मात्र शाबूत होती. मी त्या दिवशी काय काय बोललो ते मला आठवत नाही. माझ्या आईनं ऐकलं असतं तर तोंडात मारली असती. रायटर घाबरून म्हणाला, “मास्तर, मला काय ठावं? खोक्यात दोन दगडं हुती, एक घेतलं.”

“दगड नाही ते! बाईचा जीव आहे तो!”

“खोक्यावर काय लिवलेलं न्हाई,” तो म्हणाला. आणि ते खरं होतं. ना खोक्यावर कागद, ना मोहोर, ना नोंदवहीत ओळ. तिची आई तिथं असती तर तिनं त्याचा गळा धरला असता. मी धरला नाही. मी भुगा रुमालात गोळा केला.

माझ्याकडे चित्र होतं. ते घेऊन मी आणि तिची आई एसटीनं नगरला गेलो, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांकडे. सकाळी गेलो, दुपारी आत बोलावलं. साहेब तरुण होता, बाहेरच्या प्रांतातला, मराठी जपून बोलायचा. त्यानं चित्र टेबलावर पसरलं आणि बराच वेळ वाकून पाहिलं. त्या साऱ्या प्रकरणात त्या कागदाकडे कुणीतरी नीट बघितलं ते तेवढंच. त्यानं विचारलं, “टाचांचे ओरखडे तुम्ही स्वतः पाहून काढले की कुणी सांगितलं म्हणून?” मी म्हणालो, पाहून. मग आईला विचारलं, “तुमची मुलगी पाणी आणायला रोज एकटी जायची?”

“रोज आमी दोगी. त्या दिशी मला कामावर जायला उशीर हुत हुता, म्हनून ती सकाळी एकलीच गेली.” मग ती म्हणाली, “सायेब, ती हिरीला भ्यायची. कामाबिगर कडंला कदी जायची न्हाई. मी पानी वडायची, ती दोर गुंडाळायची.”

साहेबानं दुसरा अधिकारी तपासाला दिला. त्या अधिकाऱ्यानं आठ दिवसांत चेअरमनच्या घरातून बूट जप्त केले. कडब्याच्या गंजीत कोंबले होते. उजव्या नालाचं बाहेरचं टोक तुटलेलं, सहा खिळे. खुनाचा गुन्हा दाखल झाला, भावाला अटक झाली. गावात माझ्याशी बोलायचं बंद झालं. दूधवाल्यानं दूध बंद केलं. शाळेच्या भिंतीवर कोळशानं माझं आणि तिचं नाव जोडून लिहिलं गेलं. मेलेल्या बाईचं. तेव्हा मला कळलं की पाय घसरला म्हणणाऱ्या तोंडांना दुसरंही एक वाक्य तयार असतं: “तिचंच काहीतरी असणार.” मी बादलीभर पाणी आणि काथ्या घेऊन भर शाळेत ती भिंत घासली. कुणी मदतीला आलं नाही.

खटला नगरला सेशन कोर्टात उभा राहिला तोवर वर्ष उलटून गेलं होतं. पुण्याच्या तज्ज्ञानं लिहून दिलं की डाव्या ठशाची नक्षी जप्त बुटासारखीच आहे, पण त्या नक्षीचे बूट बाजारात अनेक. उजवा ठसा खराब झाल्यानं नालाबद्दल निश्चित मत देता येत नाही. चांगला असता तर देता आलं असतं का, असं सरकारी वकिलानं विचारलं. तज्ज्ञ म्हणाला, बहुधा हो. तो साधा, सरळ माणूस होता. मला त्याचा राग आला नाही.

विहीरवाला म्हणाला, इंजिन संध्याकाळी लावलं की सकाळी, आठवत नाही. दुकानदार म्हणाला, मी फक्त सही केली, पाहिलं काही नाही. जमादार निवृत्त झाला होता. अकोल्याहून दोन एसट्या बदलून आला आणि अक्षर अन् अक्षर खरं बोलला. मग मी पिंजऱ्यात गेलो.

आरोपीचा वकील गोड बोलायचा. त्यानं पंचनामा माझ्या हातात दिला.

“ह्या सह्या आपल्या?”

“माझ्या.”

“आपण शिक्षक आहात. वाचता येतं?”

“येतं.”

“ह्यात बुटाच्या ठशाचा उल्लेख कुठं आहे, तेवढा वाचून दाखवा.”

मी चारही पानं चाळली. आयुष्यात पहिल्यांदा मी तो कागद वाचत होतो, आणि सगळं कोर्ट थांबलं होतं. ठसा कुठंच नव्हता. प्लॅस्टर नव्हतं. टाचा नव्हत्या. आणि तिसऱ्या पानावर एक ओळ होती: ‘मयताची पितळी कळशी विहिरीच्या कडेला रिकामी पडलेली दिसली.’ भरलेली कळशी, दोर गुंडाळलेली, दहा हातांवर ठेवलेली, तिची ‘रिकामी’ आणि ‘पडलेली’ झाली होती. दोन शब्दांत तिचा खून पुसून टाकला होता आणि त्याच्याखाली माझी सही होती.

“नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे त्या दिवशी आपण खोट्या पंचनाम्यावर सही केलीत, की आज शपथेवर खोटं बोलताय?”

मी न्यायाधीशांना सांगायला गेलो की मी वाचलं नव्हतं, मला सांगितलं होतं की वेगळा कागद होणार आहे. वकील म्हणाला, “हो की नाही, एवढंच सांगा.” चित्राचं विचारलं, तर म्हणाला, “आपण नाटकाचे पडदेही रंगवता ना?” मागं कुणीतरी हसलं. फौजदार साक्षीला आला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. ठसे घेतल्याचं त्याला ‘स्मरत’ नव्हतं.

संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटला. निकालात न्यायाधीशांनी तपासावर चार कडक वाक्यं लिहिली, असं सरकारी वकिलानं मला समजूत घालण्यासारखं सांगितलं. त्या वाक्यांनी कुणाचं काय झालं? फौजदाराला पुढे बढती मिळाली. मी ती वाक्यं मिळवून वाचली नाहीत.

कोर्टाबाहेर आई लिंबाखाली बसली होती. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमी सही केली.” बाकी काही नाही. जमादार तिला धरून एसटी स्टँडवर घेऊन गेला. मी मागून चालत होतो.

गाव मी सोडलं नाही. बदलीचा अर्ज दोनदा लिहिला आणि फाडला. सोडून गेलो असतो तर पाटील म्हणाला असता, बघा, पळाला. पुढच्या वर्षी ऊसतोडीच्या टोळीतला एक माणूस बैलगाडीखाली मेला आणि नवीन फौजदारानं पंच म्हणून मलाच बोलावलं, त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. मी पंचनामा हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. जिथं ‘गाडीचा चाप निसटलेला’ लिहिलं होतं, म्हणजे चाक सुटू नये म्हणून आसाच्या भोकात घालायची खीळ, तिथं थांबलो आणि म्हणालो, चाप निसटलेला नाही, चापच नाही. गाडी मालकाची आहे आणि भोक रिकामं आहे, असं लिहा. फौजदार चिडला. म्हणाला, तुम्ही मला शिकवणार? मी म्हणालो, “लिहीपर्यंत सही नाही.” ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही तसेच बसलो. टोळीची माणसं भोवती उभी होती, एकही हललं नाही. शेवटी रायटरनं ओळ खोडली आणि वर नवीन लिहिली, मी खोडलेल्या जागी छोटी सही केली. त्या मेलेल्याच्या बायकोला त्या ओळीमुळे मालकाकडून भरपाई मिळाली, असं मागाहून कळलं. त्यानंतर ठाण्याचे लोक होता होईल तो मला टाळू लागले. टाळू देत. मी बोलावणं नसताना जाऊन उभा राहायचो.

हे तिच्या आईच्या कानावर गेलं असावं. एका बाजाराच्या दिवशी काष्टीच्या रस्त्यावर ती मला समोरून येताना दिसली, डोक्यावर पाटी. निकालापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी सायकलीवरून उतरलो. तीही थांबली.

“आता वाचता व्हय?”

“वाचतो, मावशी.”

“तवा का न्हाई वाचलं?”

थकलो होतो, उपाशी होतो, फसवलं मला, ही सगळी उत्तरं मी कोर्टात, घरी, रात्रंदिवस देऊन चुकलो होतो. खरं उत्तर त्या क्षणी मला माहीत होतं आणि तिच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही. फौजदार मला चारचौघांत शिकलेला म्हणाला होता, आणि ते मला आवडलं होतं.

तिनं पाटी सावरली आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागली.